शांतता मधात ठेवा

‘अवकाळी’ नावाचा बँड फुटला, ही बातमी पवनीत कुणी फारशी मनावर घेतली नाही. कोंढ्याच्या भय्याजींना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

भय्याजी खडीगंमत या लोकनाट्याचे शाहीर. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की त्यांची पार्टी भरदुपारी मांडवात गाई, नाचे, हसवे. पण अलीकडे लोक समोर बसून मोबाइल बघत, नाहीतर भज्यांच्या दुकानाशी घुटमळत. अशात पवनीच्या नीलेश आणि अंकुर या दोन पोरांनी प्रयोगशील संगीत काढलं. नीलेश आजोबांचा बंद पडलेला हातमाग वाजवायचा, अंकुर गिटारच्या तारा सायकलच्या चेनने घासायचा. एका मंडईत त्यांचा मांडव भय्याजींच्या मांडवाला लागून पडला आणि पहिल्याच गाण्याला अर्धं गाव उठून भय्याजींकडे आलं. दुसऱ्या गाण्याला उरलेलं आलं.

एवढी गर्दी भय्याजींनी तरुणपणीही पाहिली नव्हती. तेव्हापासून जिथे ‘अवकाळी’ला बोलावणं, तिथे शेजारचा मांडव आपला, असं त्यांनी गावोगावच्या पंचांना सांगून ठेवलं होतं. “नव्या पोरायले आधार पायजे ना बाप्पा,” असं ते वरून म्हणत.

बँड फुटल्यावर आसगावची मंडई आली. भय्याजींसमोर सतरंज्या होत्या आणि एक बकरी.

“भय्याजी,” ढोलकीवाला टिकाराम हळूच म्हणाला, “बकरी बी उठून राहिली.”

पुढची मंडई अड्याळची, म्हणजे सगळ्यात मोठी. तिथेही असंच झालं तर पुढच्या वर्षी आपल्याला कोण बोलावणार, या धास्तीने भय्याजी तडक पवनीला गेले. नीलेश हातमागावर कपडे वाळत घालत होता.

“काहून रे बाबू, भांडले म्हंते तुमी?”

“आमच्या गाण्यात शांतता हाय, भय्याजी. कोनी काहीच वाजवत नाही. ते शेवटी पायजे. अंकुर म्हंते, सुरुवातीले पायजे.”

“कोनी वाजवतच नाही, त भांडन कायचं?”

“हेच तर लोकायले समजत नाही,” नीलेश खिन्नपणे म्हणाला.

अंकुर तर आणखी हट्टाला पेटला होता. “सुरुवातीले शांतता नसन, त गानं सुरू झालं हे समजन कसं?” असा त्याचा सवाल. भय्याजींनी शेवटी दोघांना चहाच्या टपरीवर समोरासमोर बसवलं आणि वैतागून म्हणाले, “मधात ठेवा ना मंग ते शांतता.”

दोघांनी चहाचे कप खाली ठेवले. मग अंकुर उठला आणि भय्याजींच्या पाया पडला. “हे आमाले सुचलंच नाही,” तो म्हणाला. भय्याजींना थोडी लाज वाटली, कारण सारा खटाटोप आपल्याच पोळीवर तूप ओढण्यासाठी होता. पण अड्याळ आठवलं आणि त्यांनी आशीर्वाद देऊन टाकला.

अड्याळला दोन मांडव शेजारी-शेजारी, मध्ये एक कापडी पडदा. पलीकडे हातमाग खटखटू लागला, चेन किरकिरली आणि ठरल्याप्रमाणे लोक उठू लागले. भय्याजींनी टिकारामला डोळा मारला आणि वरच्या पट्टीत तान घेतली.

नेमकी तेव्हाच पलीकडे शांतता आली. त्या शांततेत टिकारामची ढोलकी आणि भय्याजींचा आवाज पडद्यातून पलीकडे जसाच्या तसा पोहोचला. उठलेले लोक थबकले.

“आता जमलं पोरायले,” एक बाई म्हणाली आणि खाली बसली. तिच्यामागे बाकीचेही बसले. नीलेशने ढोलकीचा ठेका पकडून हातमाग हलकेच सुरू केला, तेव्हा तर भय्याजींसमोर आधीपासून बसलेले चारदोन लोकही पडद्याखालून तिकडे सरकले.

कडवं संपलं. पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे सतरंज्या तेवढ्या उरल्या.

“भय्याजी,” टिकाराम कळवळून म्हणाला, “आपन गप बसलो, त तिकडे खरीच शांतता होते. लोक आपोआप इकडे येतीन. थांबवू का ढोलकी?”

पलीकडून ‘वन्स मोअर’ची आरोळी आली. भय्याजींच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या कडव्याला पडलेला हा पहिला वन्स मोअर. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पटका नीट केला.

“थांबवतं कायले?” ते म्हणाले. “जरा पडद्याजवळ सरक.”