जोतीराम ऑपरेटर आणि शेवटचं रीळ

आमच्या थेटरात सिनेमाचा शेवट काय व्हायचा, ते सिनेमा काढणारा ठरवत नसे. जोतीराम ऑपरेटर ठरवायचा. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर दिवे लागायचे, लोक बिड्या पेटवायचे आणि जोतीराम वर केबिनमध्ये पुढचं रीळ चढवायचा. पण शेवटच्या रिळात नायकाचा मित्र मरणार असला, की ते रीळ डब्यातून बाहेरच यायचं नाही. त्याऐवजी पडद्यावर एक काचेची स्लाईड यायची. जोतीरामच्याच वाकड्या अक्षरात लिहिलेली: 'खेळ संपला. आपापल्या घरी जावे.'

लोक बोंब ठोकायचे, बाकडी आपटायचे. जोतीराम केबिनच्या भोकाला तोंड लावून वरून ओरडायचा, "हितनं फुडं बघन्यासारखं काय न्हाई! मैतर मारलाय त्यांनी. उठा, चला!"

मी त्या थेटरात बायकांच्या दारावर होते. सांगलीत तेव्हा बायका कापडाच्या पडद्याआड वेगळ्या बसत. त्यांचं दार वेगळं, आणि त्या दारावर बाईमाणूसच लागे. माझा नवरा मला टाकून कऱ्हाडात दुसऱ्या बाईबरोबर राहत होता. मराठी सातवी झालेली, तोंड फटकळ, म्हणून थेटरच्या मालकांनी मला कामाला ठेवून घेतलं. गाव मला 'थेटरातली बाई' म्हणायचं, आणि ते कुठल्या सुरात म्हणायचं ते मी सांगत बसत नाही.

जोतीराम पंचेचाळिशीचा, काटकुळा, मिशा मात्र पैलवानाच्या. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धूर गिळून गिळून आवाज घोगरा झालेला. रागीट म्हणजे किती, तर दुपारी रिकाम्या थेटरात सिनेमा तपासायला लावायचा तेव्हाही पडद्यावरच्या नायकाला शिव्या द्यायचा. "आरं मुडद्या! पोरगी पान्याला जाताना एकदा दिसली आन तुजं काळीज गेलं व्हय? आन ह्यो इतकी वर्सं तुज्यासंगं जेवला, त्यो कोन? त्यो काय खिळा हाय, काम झालं की उपटून टाकाया?" मी खाली झाडत असायचे. मला हसू यायचं. पुढं पुढं हसू येईनासं झालं, कारण तो म्हणायचा त्यात खोटं काही नव्हतं. येईल त्या सिनेमात तेच. नायकाला बायको मिळायची, नायिकेला घर मिळायचं, खलनायकाला तुरुंग मिळायचा. मित्र तेवढा गोळी खायचा. जाता जाता दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचा आणि डोळे मिटायचा. लोक रुमालानं नाक पुसत घरी जायचे.

एकदा एका लाकूड वखारवाल्याचं आणि त्याच्या मिरजेच्या व्याह्याचं भर लग्नघरात भांडण लागलं. सिनेमा एकच, पण वखारवाल्यानं आमच्याकडे बघितलेला, व्याह्यानं मिरजेत. व्याही म्हणे मित्र मेला, वखारवाला म्हणे बैलगाडीतून गाणं म्हणत गेला, मी डोळ्यांनी पाहिलंय. शेवटी दोघं फेटे सावरत न्याय मागायला जोतीरामकडे आले. जोतीराम गरम कांड्या बदलत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "मिरजंत मेला आसंल. सांगलीत जित्ता हाय."

मालक रोज त्याला काढून टाकायचे. रोज संध्याकाळी परत घ्यायचे, कारण ते जुनं मशीन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं की फिल्मच पेटवायचं.

निस्तरायचं मात्र मला. बायका दारात अडवायच्या. "बाई, लगीन झालं का न्हाई त्यांचं? आन त्या मैतराचं काय झालं?" पहिल्यांदा मी वैतागून म्हटलं, "झालं लगीन. मैतर पलीकडच्या खोलीत ऱ्हायला. सगळी मिळून जेवत्यात." बायकांना ते फार पटलं. एक म्हातारी म्हणाली, "आसंच पायजे बाई." तेव्हापासून मीही बिनधास्त शेवट सांगायला लागले. दोन वर्षांत मी एकही मित्र मरू दिला नाही.

जोतीराम असा का, हे मला आनंदामुळे कळलं. आनंदा पाटणच्या बाजूचा, शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. केबिनमध्ये रिळं उलटी गुंडाळायचं काम त्याचं. थेटरामागच्या खोलीत तो आणि जोतीराम बारा वर्षं एकत्र राहत होते. जोतीराम भडकायचा, आनंदा गाणं गुणगुणायचा. जोतीरामच्या हातचा भात करपायचा, आनंदाच्या हातची आमटी सबंध गल्लीत दरवळायची. लोक म्हणायचे, सख्ख्या भावागत राहतात. मीही तेच म्हणायचे.

एक दिवस थेटराच्या कुलपाची किल्ली मागायला त्यांच्या खोलीवर गेले, तर दार उघडंच होतं. आनंदा तापानं पडलेला. जोतीराम त्याच्या डोक्याशी बसून त्याच्या सदऱ्याचं बटण लावत होता. दोरा दातानं तोडला, सदरा झटकला, घडी घातली, आणि झोपलेल्या आनंदाकडे नुसता बघत बसला. मी चार वर्षं नवऱ्याजवळ नांदले. माझ्याकडे कुणी एकदाही तसं बघितलं नव्हतं. मी किल्ली न मागता परत आले. त्या बघण्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. जे दोन-चार शब्द कानावर आलेले होते, त्या शिव्या होत्या, आणि त्या शिव्या या दोघांना लावायची माझी तयारी नव्हती.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली, आणि त्याच सुमारास आनंदाचा थोरला भाऊ गावाहून आला. दोघांच्या खोलीत चार दिवस राहिला, जोतीरामच्या ताटाला ताट लावून जेवला, आणि जाताना म्हणाला, "पोरगी बघितलीय. माघात उरकून टाकायचं." आनंदानं महिनाभर विचार केला आणि मिरजेला जाऊन सैन्यात नाव घातलं. मला म्हणाला, "आक्का, लढाईवर गेलेल्याचं लगीन कोन लावतंय? दोन वर्सांत परत येतो. तवर भाऊ इसरंल." लग्न चुकवायला माणूस तोफेच्या तोंडी गेला, आणि गावानं शूर म्हणून त्याला हार घातला. मला तेव्हाच इतका संताप आला होता!

त्यानंतर मित्र मरतो ते रीळ जोतीराम हातातही धरेना. खेळाआधी पडद्यावर लागणारी लढाईची बातमीपत्रं मात्र, जी लोकांना नको असायची, ती तो दोन-दोनदा दाखवायचा. पब्लिक शिट्ट्या मारायचं. जोतीराम ओरडायचा, "गप बसा, कामाचं हाय!" एकदा त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. "आक्का, तिसऱ्या ट्रकात बघा. टोपी तिरकी घातलेला. त्यो न्हवं?" तो नव्हता. मी म्हटलं, "असंलही." पुढच्या खेळाला बातमीपत्र तीनदा लागलं.

आनंदाचं पत्र महिन्याला यायचं. मग चार महिने आलं नाही. जोतीरामनं पाटणला आनंदाच्या भावाला दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. शेवटी कुणीतरी सांगितलं की साताऱ्यात एक कचेरी आहे, तिथं शिपायांची खबर मिळते. जोतीराम म्हणाला, "आक्का, तुमी या संगं. मला सायबापुढं बोलाया येत न्हाई." सबंध सांगलीला शिव्या घालणारा माणूस! लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही गेलो. वाटेत प्रत्येक चढाला उतरून ढकलावी लागली.

खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण त्याचे?"

"मैतर," जोतीराम म्हणाला.

"मित्राला सांगता येत नाही. नातं काय?"

"बारा वर्सं एका खोलीत ऱ्हातो आमी."

"भाडेकरू? नातं सांगा. नसेल तर बाजूला व्हा, मागं माणसं आहेत."

जोतीराम बाजूला झाला. हात जोडून, मान खाली घालून भिंतीला लागला. त्याला तसा उभा बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खिडकीत शिरले आणि म्हटलं, "मी भैन हाय त्याची. सख्खी."

कारकुनानं माझ्याकडे धड बघितलंही नाही. कागद मागितला नाही, नाव विचारलं नाही. वही उघडली, बोट फिरवलं आणि सांगून टाकलं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडच्या इस्पितळात, तापानं गेला. भावाच्या नावानं गावाला तार गेली, त्याला महिना उलटून गेला. "भावानं कळवलं नाही तुम्हाला?"

एक महिना! त्या भावानं बारावं-तेरावं उरकलं होतं. गाव जेवलं असेल. ज्याच्या ताटाला ताट लावून हा चार दिवस जेवला, त्याला एक कार्ड टाकायला त्याचा हात मोडला होता. माझा नवरा मला टाकून गेला, पण उद्या तो मेला तर तार मला येणार, बांगड्या मी फोडायच्या, दहा दिवस लोक माझ्या दारात येऊन बसणार. ज्यानं आनंदाच्या सदऱ्याचं बटण लावलं, त्याला खिडकीतून हाकलायचं, आणि माझ्यासारख्या खोटारडीला सगळं सांगायचं, असा हा कायदा. आणि सिनेमावाले तरी कुठं वेगळे होते? त्यांच्याही पडद्यावर जोतीरामसारख्याला मरायला तेवढी जागा होती. कुणी त्याच्यासाठी जगतोय, कुणी त्याच्या मागं रडत बसलाय, हे दाखवायला त्यांच्याकडे रीळच नव्हतं. ते सिनेमे मी आजही आठवले की मला राग येतो. लोक म्हणतात, बाई, इतक्या जुन्या गोष्टी. असू देत जुन्या.

जोतीरामनं सगळं ऐकलं होतं, तो हातभर अंतरावर तर उभा होता. परतीच्या वाटेवर तो मोटार ढकलायलाही उतरला, चढूनही बसला. बोलला एकदाच. "ताप आला की त्याला पानी कोमट लागतं. थंड दिलं की वकतो. कुनी सांगितलं नसंल इस्पितळातल्या लोकांस्नी."

थेटरात पोचलो तेव्हा मालक दारात उभे. तीनचा खेळ बुडाला म्हणून त्यांनी जोतीरामला वाटेल ते सुनावलं. जोतीराम वर गेला आणि सहाचा खेळ लावला.

सकाळी मी चूल पेटवली, तरी राग उतरला नव्हता. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. सोयरे भाकरी-पिठलं करून नेतात, समोर बसून दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो सोयऱ्यांनीच न्यायचा असतो, परक्यानं नाही. भाकऱ्या मी अशा थापल्या की शेजारीण विचारायला आली, कुणाला मारतेयस? पिठल्याचं भांडं झाकलं, भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि थेटरामागच्या खोलीवर गेले.

जोतीराम भिंतीला टेकून बसला होता. चूल थंड होती. मी फडकं सोडलं, ताटलीत वाढलं, समोर ठेवलं. त्यानं ताटली जवळ ओढली.

"आक्का, ह्यो कडू घास हाय न्हवं?"

"व्हय."

"म्हंजी... माज्या घरातलं मानूस गेलं म्हनायचं."

"व्हय, जोतीराम. तुमच्या घरातलं."

त्यानं एक घास मोडला, तोंडात घातला, आणि मग तो रडायला लागला. चांगला मोठ्यानं, लहान मुलासारखा. मी त्याला रडू दिलं. बाहेर येऊन पायरीवर बसले.

थोड्या वेळानं मालक आले. आतला आवाज ऐकून थबकले. "काय झालं गं? तीनच्या खेळाची तयारी करायचीय ना त्याला?"

मी पायरीवरून उठले नाही. म्हटलं, "आज खेळ व्हायचा न्हाई. दहा दिस व्हायचा न्हाई. ऑपरेटरच्या घरातलं मानूस गेलंय."

"त्याच्या घरात होतं कोण?" मालक म्हणाले.

"आनंदा," मी म्हटलं. "चप्पल काढा, आन आत जाऊन बसा त्याच्याजवळ."