गुलाबरावांचा डॅडो

आमचे साडू गुलाबराव कुणाच्याही घरी गेले की आधी मोरी बघतात. चहा नंतर, पाणी नंतर, ख्यालीखुशाली तर विचारतीलच याचा नेम नाही. चपला काढायच्या, घरधन्याला हात जोडायचे आणि विचारायचं, "बाथरूम कुणीकडं?" भोळी माणसं समजतात, पाहुणे लांबून आलेत, नड असेल. ती बिचारी लगबगीनं बादली भरून ठेवतात. गुलाबराव आत जाऊन नुसते उभे राहतात. भिंत बोटाच्या पेरानं ठोकून बघतात, नळ उघडून बंद करतात, खाली वाकून पाणी कुठं वाहतं ते न्याहाळतात आणि बाहेर येऊन निकाल सांगतात. तो निकाल आजवर एकाही घराच्या बाजूनं लागलेला नाही.

केंदूरला आमच्या एका नातलगाचे वडील वारले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. ओसरीत माणसं खाली माना घालून बसलेली. गुलाबराव आत गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले ते थेट त्या रडणाऱ्या मुलाजवळ जाऊन बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, चला, माणूस माणसात आला. तर हळूच विचारतात कसे, "डॅडो किती घेतलाय?"

डॅडो म्हणजे बाथरूमच्या भिंतीवर ज्या उंचीपर्यंत फरशी बसवतात तो भाग. हे मला त्या दिवशी कळलं. त्या मुलाला कळलं नाही. त्याला वाटलं, तिरडीचं काहीतरी विचारतायत. तो हुंदका आवरून म्हणाला, "आप्पा आसतील की सहा फुटाच्या आसपास."

"सहा? मंग ठीक हाय," गुलाबराव म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेला हा सगळ्यात मोठा गौरव.

साडू हे नातं माणूस निवडत नाही. मुलगी बघायला जाताना तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा कसा आहे, हे तपासायची पद्धत आपल्याकडं नाही. असती तर मी शिरूरला आजही सडाफटिंग राहिलो असतो आणि सुखात असतो.

गुलाबराव दौंडला रेल्वेत, डबे दुरुस्तीच्या खात्यात होते. गावातलं जुनं घर घेतलं ते निवृत्तीच्या वेळी, त्याआधी सगळा जन्म क्वार्टरमध्ये गेला. तिथं मोरी म्हणजे कोपऱ्यात दोन विटा आणि एक पडदा. त्यात एकदा पहिल्या वर्गाच्या डब्यात कुणीतरी विसरलेलं एक जाडजूड इंग्रजी मासिक त्यांच्या हाती लागलं आणि आमच्या नात्यागोत्यातली शांतता संपली. त्या मासिकात माणसं नव्हतीच. नुसती स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं. इतकी स्वच्छ, की तिथं कुणी कधी भजी तळली असतील किंवा पाय घासले असतील असं वाटू नये. गुलाबरावांना इंग्रजी वाचता येत नाही, पण एका चित्रावर शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा त्रिकोण काढला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं, ह्याला वर्क ट्रँगल म्हणतात, ह्यानं बाईचे हेलपाटे वाचतात. झालं. तेव्हापासून या माणसाला जगात सगळीकडं ट्रँगल दिसायला लागला. पुण्याला जायचं असेल तर एसटी, रिक्षा आणि चहाची टपरी यांचा ट्रँगल. आघाडीचं सरकार पडलं तर "ट्रँगल चुकला व्हता." माझ्या मुलीसाठी कवठे येमाईचं एक चांगलं स्थळ आलं. हे गृहस्थ मुलाकडचं स्वयंपाकघर बघून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "पोरगं झ्याक हाय, पन फ्रिज दारामागं हाय. ट्रँगल बसत न्हाई." स्थळ मोडता मोडता राहिलं.

ते चित्र त्यांनी चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावलंय. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार असतो. मी स्वतः पाहिलाय.

आता हा नुसता हौसेचा मामला असता, तर मी एवढा जळफळलो नसतो. हौस कुणाला नसते? पण यांच्या हौसेला एक कारण होतं आणि ते कारण सगळ्या दौंडला माहीत होतं. त्यांचा मुलगा सचिन पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. बायको पुण्याचीच. लग्नानंतर जोडी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, नव्या चादरी काढल्या, गाद्यांना ऊन दाखवलं. आमच्याकडं पाहुणा 'आला' म्हणजे राहिला. जेवून संध्याकाळी परत गेला, तर तो आला नाही, तोंड दाखवून गेला. सचिननं पाच वाजता गाडीची किल्ली हातात घेतली आणि म्हणाला, "निघतो बाबा. बाथरूम बाहेर आहे ना, तिला सवय नाही."

ती बिचारी आत अक्कांबरोबर भांडी विसळत होती. तिनं काही म्हटल्याचं कुणी ऐकलं नाही.

शहाण्या माणसाला यातलं न बोललेलं कळलं असतं. गुलाबरावांना कळली ती फक्त बाथरूम. दुसऱ्या आठवड्यात मुनीरभाई फरशीवाला दारात हजर. मुनीरभाईचं घर पिढ्यान्‌पिढ्या दौंडचं, आणि निम्म्या गावाच्या फरश्या त्याच्या हातच्या. बाहेरची मोरी पाडली आणि झोपायच्या खोलीला चिकटून अटॅच बाथरूम उभी राहिली.

त्या बाथरूमसाठी गुलाबरावांनी पुण्याहून टब आणला. कांदा घेऊन मार्केट यार्डात गेलेला न्हावऱ्याचा टेंपो रिकामा परतत होता, त्यात घालून. तो उतरवला तेव्हा आतून ओंजळभर कांद्याची सालं निघाली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "म्हशीला गव्हाण आणली का रं गुलाबा?" म्हैस यांच्याकडं कधीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

दौंडला तेव्हा नळाला दिवसाआड पाणी. त्यामुळं टब काठोकाठ भरून त्यावर प्लायवूडची फळी ठेवलेली. आंघोळ करायची ती टबाशेजारी पाटावर बसून, टबातलं पाणी तांब्यानं घेत. मी विचारलं, "गुलाबराव, आत बसायचं असतं ना?"

"आसतं की," ते म्हणाले. "पन मंग वापराया पानी कुठनं आणायचं? पाव्हणं, टब आंघुळीसाठी नसतो. लुकसाठी आसतो."

पुढच्या खेपेला सचिन म्हणाला, "स्वयंपाकघरात सगळं खाली बसून करावं लागतं, तिची पाठ दुखते." झालं, ओटा. आधी कडप्प्याचा. मग तो फोडून ग्रॅनाइटचा, कारण त्या मासिकात तसा होता. खाली स्टीलच्या ट्रॉल्या, वर धूर ओढायची विजेवरची चिमणी. अक्कांची उंची बेताची. भाकरी थापायला त्या ओट्यापुढं पाटावर उभ्या राहायच्या आणि दोनदा पाटावरून पडल्या. शेवटी त्यांनी मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि पुन्हा खाली बसून थापायला लागल्या. मी गेलो की म्हणायच्या, "पाव्हणं, आतलं बघायचं, भाईरचं खायचं." एकदा लोडशेडिंगमध्ये अंधार झाला, तेव्हा रॉकेलची चिमणी लावत त्या म्हणाल्या, "ह्यांच्या चिमणीला लाइट लागती. मंग लाइट गेल्यावर ही चिमणी लागती." गुलाबराव अंधारातूनच म्हणाले, "तुला कन्सेप्ट कळत न्हाई."

नातू झाला, ओम. मग सचिन म्हणाला, त्याला कमोड लागतो. कमोड आला. मग गरम पाण्याचा नळ हवा. गीझर आला. सचिन हा मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सरळ बोलला असता. तो सभ्य आहे, आणि सभ्य माणूस निघायच्या वेळी हाताशी येईल ते कारण सांगतो आणि विसरून जातो. विसरत नव्हते ते गुलाबराव. त्या घराची एक भिंत अशी नव्हती, जिला मुनीरभाईनं छिन्नी लावली नव्हती. तोच एकदा मला म्हणाला, "साहेब, भिंतच दमली आता. फरशी धराया तयार न्हाई."

एका दिवाळीला गुलाबरावांनी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. "औंदा मुक्काम हाय पोरांचा," असं फोनवर इतक्या मोठ्यानं सांगितलं, की फोनची गरजच नव्हती. आम्ही पोचलो तर बाथरूममध्ये तीन कोरे टॉवेल, तीन नवे साबण, वेष्टनासकट. गीझर सकाळपासून चालू. गुलाबराव दर अर्ध्या तासानं आत जाऊन नळाखाली बोट धरून येत होते. मला हसू आवरेना.

पोरं आली. जेवणं झाली. सुनेनं ओट्याचं कौतुक केलं, अगदी मनापासून. ओमनं ट्रॉल्या उघडबंद करून घर दणाणून सोडलं. आणि पाच वाजता सचिननं मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"निघतो बाबा. ओमचा उद्या क्लास आहे."

"दिवाळीत कसला क्लास?" हे मी विचारलं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण राहवेना.

सचिन खिशात किल्ली चाचपायला लागला. गुलाबराव उठले. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "सचिन, काय कमी हाय ते सांग. मासिकात हाय ते समदं हाय. न्हाई ते सांग."

त्या मुलाची तेव्हाची धडपड बघण्यासारखी होती. त्यानं छताकडं पाहिलं, नळाकडं पाहिलं, टबाकडं पाहिलं. परीक्षेत उत्तर न येणारं पोर पंख्याकडं बघतं, तसं. शेवटी नजर खाली गेली.

"फरशी घसरते जरा, बाबा. ओम पडेल."

आणि गुलाबरावांचा चेहरा खुलला. खरंच खुलला. एवढंच ना? फरशी बदलता येते! ते गाडीपर्यंत सोडायला गेले ते खडबडीत फरशीचे प्रकार सांगत गेले. सचिन मान हलवत होता. अक्का दारातच थांबल्या. त्यांनी परत येऊन पोरांसाठी काढलेल्या तीन गाद्या एकीवर एक रचल्या आणि वर चादर टाकली. मला त्या दिवशी एवढा संताप आला, की मी एसटीत बायकोशी भांडलो. तिचा काही संबंध नसताना.

पुढं काही वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. लग्नकार्यात भेट व्हायची, तेवढीच. माझ्या मुलीचं लग्न कवठे येमाईलाच ठरलं आणि पत्रिका द्यायला दौंडला जाणं आलं. साडूच्या घरी पत्रिका पोस्टानं पाठवायची सोय नाही. गल्लीत वळलो तोच छिन्नीचा आवाज. मनात म्हटलं, या माणसाला औषध नाही.

आत गेलो. बाथरूममध्ये मुनीरभाई उकिडवा बसलेला, गुलाबराव त्याच्या डोक्यावर उभे. मोठ्या बेसिनशेजारी, माझ्या कमरेच्या जरा खाली, एक छोटंसं बेसिन बसवणं चाललं होतं. त्याच्याखाली भिंतीवर वेगळ्या रंगाच्या फरशीची ठिगळं होती, एकाखाली एक, पार गुडघ्याच्या खालपर्यंत.

"आता हे काय काढलंत?" मी म्हणालो. "बसून तोंड धुवायची फॅशन आली का?"

गुलाबराव हसले नाहीत. मुनीरभाईही हसला नाही. "साल दीड सालानं वर घेतोय," तो म्हणाला. "पोरगं वाढतंय न्हवं."

"ओमचं हाय ते," गुलाबराव म्हणाले. "त्याचा हात न्हाई पुरला, तर पुन्हा सचिन म्हणायचा, सोय न्हाई. परवा फोनवर इचारलं, केवढा झालास रं? तर म्हणला, आजोबा, मी दाराच्या कडीला लागलो. म्हणलं, मुनीरभाई, चला, वर घ्या."

"कडी केवढ्या उंचीवर आहे त्यांच्या दाराची?" मी सहज विचारलं.

गुलाबराव हातातला ओला फडका पिळायला लागले.

"ते काय म्हाईत न्हाई."

"अहो, फ्लॅटवर गेला असाल ना कधीतरी?"

"गेल्तो की. बाजरीचं पोतं घेऊन गेल्तो. खालपातुर." त्यांनी फडका पुन्हा पिळला, त्यातून थेंबही पडला नाही. "सचिन खालीच आला घ्यायला. लिफ्ट बंद व्हती. म्हणला, तुमचं गुडघं दुखत्याल, कशाला वर येताय. खरंच हाय ते. काळजी घेतो पोरगा."

हा माणूस सुतकाच्या घरातली मोरी बघून आला होता, आणि पोटच्या पोराच्या घराचं दार त्यानं पाहिलं नव्हतं. बेसिनवर सांडलेलं सिमेंट मी उगाच बोटानं पुसत बसलो आणि याचाही मला रागच आला.

गुलाबराव मागच्या दारापाशी गेले. त्यांनी दाराच्या कडीला तळहात लावला आणि तो हात तसाच हवेत आडवा धरून, जराही हलू न देता, पावलं मोजून टाकत पुन्हा आत आले. बेसिनच्या काठाशी हात टेकवला. बरोबर बसला.

"आपल्या कडीच्या मापानं घेतलंय," ते म्हणाले. "चुकलं आसंल तर फोडू की. आल्यावर."