उजवी पाकळी, डावी पाकळी

आमच्या वाड्यावरून तुयेच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत बस असावी, असा पहिला अर्ज गोवा घटकराज्य होण्याआधी गेला होता. घटकराज्य झाले, त्यालाही सात वर्षे उलटली, आणि मग उत्तर आले. बस देण्यास शासनाची हरकत नाही; मात्र बस मिळाल्याने माणसाला बरे वाटते, याचा शास्त्रीय पुरावा उपलब्ध नाही. सबब तो आधी गोळा करावा.

पुरावा गोळा करायला पणजीहून मानसशास्त्राचे डॉ. प्रशांत केंकरे आले. त्यांच्या हाताखाली क्षेत्रीय अन्वेषक म्हणून माझी नेमणूक झाली. मी शाळामास्तर. मतदारयादी असो वा गुरांची गणना, जे काम कोणाचेच नसते ते शिक्षकाचे असते.

तुयेच्या कारखान्यांत कामाला जाणारी वाड्यावरची माणसे बरोब्बर चाळीस निघाली. ती रोज सव्वा तास चालत जात. आठच्या भोंग्याला गेट बंद होई. डॉक्टरांनी योजना समजावली. वीस जणांना आठ आठवडे बसचा पास, उरलेले वीस पूर्वीसारखे चालत. आधी आणि नंतर प्रत्येकाचा मनस्ताप एक ते पाच आकड्यांत मोजायचा. दोन्ही गट सर्व बाबतींत सारखे हवेत, फरक हवा तो फक्त बसचा.

"पण बस पन्नास माणसांची," मी म्हटले. "चाळीसही बसतील."

"मग तुलना कोणाशी करणार?" डॉक्टरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "आणि ध्यानात ठेवा मास्तर, गटांची सरमिसळ झाली तर सगळा प्रयोग बाद. लेखी खुलासा तुम्हाला द्यावा लागेल."

कोण बसमध्ये आणि कोण पायी, हे चिठ्ठ्या टाकून ठरणार होते. पण वाड्याने चिठ्ठ्या मानल्या नाहीत. "देव आसताना चिठ्यो कित्याक?" देवळाचा गुरव विठू म्हणाला. "कौल घेवया." डॉक्टरांना कल्पना आवडली, कारण निवडीत माणसाचा हात नको एवढीच शास्त्राची अट होती. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर बस, डावी पडली तर पायी. चाळीस कौल घेता घेता दुपार झाली; देवानेही हिशेबाने वीस उजव्या, वीस डाव्या दिल्या. एकविसाव्या नावाला देव पाऊण तास काही बोललाच नाही, आणि डॉक्टरांनी वहीत लिहिले, 'यंत्रणेत तात्पुरता विलंब'.

प्रभावतीची डावी पडली. तिचे मला सगळ्यांत वाईट वाटले, कारण औषधांच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात तिला अजून कायम केले नव्हते. दोनदा उशिराची लाल खूण पडली होती. तिसरी पडली की घरी, असा नियम होता. घरी अंथरुणाला खिळलेली सासू. तिचे सगळे उरकून निघेपर्यंत उशीर व्हायचा. शेजारणीची, सरस्वतीची, उजवी पडली.

सोमवारी प्रयोग सुरू झाला. वीस माणसे घेऊन बस निघाली आणि त्याच रस्त्याने चालणाऱ्या वीस जणांच्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली. सगळे अगदी शास्त्रशुद्ध चालले होते.

मंगळवारी मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. बसच्या खिडकीत प्रभावती बसली होती. सरस्वती मागून चालत येत होती. मी तिला थांबवले.

"पास तुझा ना गो?"

"माझोच. पण देवान दिल्लां एकट्यान कशां घेवचां, मास्तर? शेजारीण चलत जातली नि मी बशीत बसतलंय? एक दीस मी, एक दीस ती. आनी तिची सासू चड दुखणेकरी जाली तर दोनूय दीस तीच."

"बाकीचे?"

"सगळीच तशी करतत. तुमकां म्हायत नाय?"

आता माहीत झाले. मी पाहणीचे प्रपत्र उलटसुलट पाहिले. त्यात वय, वजन, झोप आणि घरातली माणसे यांचे रकाने होते; 'शेजारणीला पास दिला काय' असा रकाना नव्हता. रकाना नसलेली गोष्ट घडत नसते. शिवाय डिचोलीला माझ्या घराशेजारच्या शाळेत बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता, आणि शिफारसपत्र डॉक्टर देणार होते. मी प्रपत्र घडी करून खिशात ठेवले.

आठ आठवड्यांत वाडा बदलला. माणसे हसून बोलू लागली. प्रभावतीला एकही लाल खूण पडली नाही आणि कायम होण्याची तारीख अडीच आठवड्यांवर आली. मी घरोघर फिरून मनस्ताप मोजला. आधी तो दोन्ही गटांत सव्वाचारच्या आसपास होता, आता दोन्ही गटांत दोन. आकडे पाठवताना मला वाटले, बस पक्की झाली.

डॉक्टर निकाल घेऊन आले तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

"बसवाल्यांचा ताप दोन, पायी जाणाऱ्यांचाही दोन. फरक शून्य. बसचा काहीही परिणाम नाही."

"पण दोघांचाही निम्म्याने उतरला ना!"

"उतरला. बसशिवायही उतरतो, हे तर सिद्ध झाले. नुसती वाट पाहिली की माणसाला बरे वाटते." 'फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता' असे लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी बोट ठेवले. "हा पाच शतांशाच्या खाली आला असता तर परिणाम खरा मानला असता. आलाय सत्त्याण्णव शतांश. इतका स्वच्छ निकाल माझ्या कारकिर्दीत आला नाही."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवे होते. मला लाज वाटते, पण मी विचारले ते शिफारसपत्राबद्दल. त्यांनी ते तिथेच सही करून दिले.

सोमवारपासून बस बंद झाली. बुधवारी प्रभावती गेटवर सात मिनिटे उशिरा पोचली. तिसरी लाल खूण पडली.

संध्याकाळी ती माझ्या दारात आली. रडली नाही, ओरडली नाही.

"मास्तर, आमी सगळी बशीत बसतालों, तां तुमी पळयल्यात ना?"

"पाहिले."

"मगे सांगूंक कित्याक नाय?"

"रकाना नव्हता," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना माझा आवाज डॉक्टरांसारखा झाला होता. सासूच्या पेजेची वेळ झाली म्हणून ती निघून गेली.

महिन्याभराने पाठपुराव्याची पाहणी झाली. नियमानुसार तीत फक्त तुयेला कामावर असलेल्यांनाच घ्यायचे होते. प्रभावतीचे नाव आपोआप गळले आणि सगळ्यांत मोठा आकडा गेल्यामुळे वाड्याची सरासरी थोडी सुधारली. अहवालात मनःपूर्वक सहकार्याबद्दल माझे आभार आहेत. मी आता डिचोलीला असतो. शाळा घरापासून चार पावलांवर आहे.

तुम्ही हे शेवटपर्यंत वाचलेत, तेव्हा एक प्रपत्र तुमच्याही नावाने भरायला हवे. वाईट वाटले का, ते एक ते पाच आकड्यांत मनातल्या मनात लिहा. संकोच करू नका, पाचसुद्धा चालेल. तुमची तुलना हे न वाचलेल्यांशी होईल, आणि मोजायचे एवढेच, की उद्या सकाळी आपापल्या वाड्यावरच्या प्रभावतीसाठी कोणी काय केले. दोन्ही गटांतला फरक मी आताच लिहून ठेवला आहे. शून्य.