यमुनाक्काचे ओठ

एका जंगलात... अरे, चुळबूळ थांबवा आधी! ऐकायचं तर नीट मांडी घालून बसा. हां. तर एका जंगलात मोहाच्या उंच झाडावर यमुनाक्का नावाची वानरीण राहायची. तोंड काळं कुळकुळीत, आवाज खणखणीत.

झाडाखाली चितळं चरायची. वानरांनी वरून कोवळा पाला टाकायचा आणि वाघ दिसला की ‘खॅक्, खॅक्’ ओरडायचं. चितळांनी खालून वास घ्यायचा आणि पाय आपटायचा. असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारधर्म होता. गौराई चितळीण तर यमुनाक्काच्या भरवशावर मान खाली घालून खुशाल चरायची. तिला नुकतंच पाडस झालं होतं.

आता सुखानं राहावं की नाही? पण यमुनाक्काच्या भाच्याचं लग्न ठरलं, तेही लाल तोंडाच्या माकडांत.

“सगळ्या विहिणी गोऱ्यापान, आणि मी एकटी तव्याच्या बुडासारखी!” असं म्हणत ती तडक साळूबाईकडे गेली.

साळूबाई म्हणजे साळिंदर. तिच्या बिळाबाहेर पाटी होती, ‘त्वचा उजळून मिळेल’. सुया पाठीवर तयारच होत्या. तिनं यमुनाक्काचं तोंड टोच टोच टोचलं, वर कसल्याशा आंबट फळाचा चीक चोपडला. काळी साल निघाली आणि खालून गुलाबी तोंड निघालं. ओठांची मात्र पार सालपटं झाली. जरा हसलं की रक्त.

“साळूबाई, नुसती आग आग होतेय गं!”

“होणारच. आता पथ्य पाळा. ओठ चाटायचे नाहीत. उन्हात बसायचं नाही. हसायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. ओठ फाटले तर मला विचारू नका.”

झालं! जंगलात जो तो वैद्य. अस्वलानं मध पाठवला, त्यातला अर्धा वाटेतच चाटून. म्हातारी खार म्हणाली, “बेंबीत तेल घाल बाई, ओठ आपोआप मऊ होतात.” यमुनाक्कानं बेंबीत तेल घातलं, ओठांवर मेण थापलं आणि उन्हातला शेंडा सोडून ती खालच्या सावलीत येऊन बसली.

मग शेंड्यावर लक्ष ठेवायला कोण? कुणीच नाही. कुणी विचारलंही नाही. सगळे ओठांचीच चौकशी करत होते.

एकटी गौराई म्हणाली, “अक्का, लक्ष आहे ना गं? माझं पोर नुसतं उंडारतंय.”

“हं,” यमुनाक्का म्हणाली. ओठ मिटूनच.

आणि वाघ आला. वारा उलटा होता, चितळांना वास लागला नाही. पण यमुनाक्काला तो दिसला. झुडपाआडून पाडसाकडे सरकताना अगदी स्पष्ट दिसला. तिनं तोंड उघडायला घेतलं, तोच ओठ ताणला. तिला विहिणी आठवल्या.

“हं! हं हं!” ती मिटल्या तोंडानं म्हणाली.

“अक्का आज गुणगुणतेय वाटतं,” असं म्हणून गौराईनं पुन्हा मान खाली घातली.

वाघानं पाडस नेलं. सांगताना अजूनही माझं डोकं फिरतं.

“एकदा, अगं एकदा तरी ओरडायचंस!” गौराईनं हंबरडा फोडला. यमुनाक्काही रडली. पण आसवं खारट असतात, ओठांना झोंबतात, म्हणून गालावरच टिपत टिपत रडली.

समाचाराला चितळिणी आल्या. मग एक जण हळूच यमुनाक्काजवळ सरकली. “अक्का, वाईट वाटून घेऊ नका हां, पण ओठ किती छान भरून आलेत! काय लावता हो?”

पुढच्या आठवड्यात साळूबाईच्या बिळापुढे ही रांग! तिनं दुसरं बीळ उघडलं. फीत कापायला वाघोबांना बोलावलं. ते अगत्यानं आले, सर्वांना नमस्कार करून म्हणाले, “झाडाझाडावर एक गुलाबी तोंडाची वानरीण असावी, हीच माझी इच्छा आहे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वानरिणी हसल्या, ओठ न ताणता. गौराई आली नव्हती.

तात्पर्य : वाघ दिसला तरी तोंड उघडू नये. ओठ आपले असतात, पाडस दुसऱ्याचं असतं.