दिवा ते डोंबिवली, व्हाया ठाणे-कल्याण

दोन शेजारी कार्यालयांनी परस्पर बोलून काम उरकणे ही बेशिस्तीची सुरुवात असते. खाडीकाठ पाणीपुरवठा मंडळाला हे फार आधी उमगले होते. म्हणूनच १९९८ साली मंडळाच्या चार कार्यालयांत राउटर बसले, तेव्हा त्यांना शिस्त लावण्याचे काम अधीक्षक मारुतीरावांनी स्वतःकडे घेतले.

(राउटर म्हणजे संगणकाचा निरोप कोणत्या वाटेने जावा हे ठरवणारी पेटी. पूर्वी हे काम मारुतीराव पेटीशिवाय करत.)

पेट्या जोडायला आलेला इंजिनियर आनंद हुशार होता, पण त्याने मंडळात कधी नोकरी केली नव्हती. पेट्यांना आपापली वाट शोधू द्यावी, असे त्याने सुचवले. मारुतीरावांनी पेटीची श्रेणी विचारली. श्रेणी नसलेल्याला निर्णयाचा अधिकार कसा देणार? तेव्हा स्टॅटिक रूट ठरले, म्हणजे माणसाने लिहून द्यायचे आणि पेटीने निमूट पाळायचे रस्ते. दिव्याहून डोंबिवलीला जाणारा निरोप आधी मुख्यालयात, ठाण्याला जाईल. ठाणे तो कल्याणला, म्हणजे विभागीय कार्यालयाला, पाठवील. आणि डोंबिवलीचा प्रत्येक विषय कल्याण मंजुरीसाठी ठाण्याला पाठवील. (दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्ये एक कोपर स्टेशन तेवढे लागते.)

"साहेब, हा निरोप ठाणे-कल्याण असाच फिरत राहील," आनंद म्हणाला.

"फिरू दे ना. फाईल काय वेगळं करते?" मारुतीराव म्हणाले.

आनंदने शेवटचा उपाय म्हणून टनेल मागितला. टनेलमधून निरोप बंद पाकिटात जातो, वाटेतल्यांना उघडता येत नाही. वाटेतले म्हणजे आपणच, हे कळल्यावर मारुतीरावांना मनापासून वाईट वाटले. तरी ते आधुनिक विचारांचे असल्यामुळे टनेल मंजूर झाला. अट एकच, दोन्ही तोंडे त्यांच्या केबिनमध्ये निघावीत. नारळ फोडून उद्घाटन झाले. ठाण्याहून ठाण्याला निरोप इतक्या वेगाने यापूर्वी कधीच पोहोचला नव्हता.

मे महिन्यात दिव्याच्या मनुबाईंच्या लेकीची, मालूची, हळद होती. मांडवात पाहुणे जमलेले, भात चढवायचा, आणि दोन दिवस नळ कोरडा. मनुबाईंनी मंडळाचे तक्रार केंद्र गाठले. तिथल्या कलावतीबाईंनी लगेच निरोप टाईप केला, की डोंबिवलीच्या व्हॉल्व्हची चावी फिरवून दिव्याला पाणी सोडावे. तो ठाण्याला गेला, कल्याणला गेला, परत ठाण्याला आला. प्रत्येक निरोपाला फेऱ्यांचा कोटा असतो. तो संपला की पेटी निरोप टाकून देते आणि तक्रार शिल्लक राहत नाही. कलावतीबाई पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्या. त्या दिवशी ठाणे-कल्याण मार्गावरची निरोपांची ये-जा चाळीस पट वाढली, आणि संगणकाच्या विक्रमी वापराबद्दल मंडळाने दोन्ही कार्यालयांचे अभिनंदन केले.

डोंबिवलीचा चावीवाला नाथा हा मनुबाईंचा सख्खा दीर. पुतणीला हळद लावायला तो मांडवात पुढच्याच खुर्चीवर बसला होता. मनुबाई रिकामी कळशी घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत होते.

"वयनी, चावी खिशातच हाय," नाथा मान खाली घालून म्हणाला. "पन मेसेज नाय आयला. मागं तोंडी ऐकून पानी सोरला, तं मेमो भेटला. आता हात लावला तं नोकरी जाईल."

मालूची हळद अंगावरच वाळली. (मंडळाच्या अहवालात त्या दिवशी दिव्याच्या प्रलंबित तक्रारी शून्य आहेत.)

मग दिव्याचे पाणी गेले कुठे, असे तुम्ही विचाराल. पाणी काही निरोपासारखे ये-जा करत बसत नाही. ते डोंबिवलीला गेले, तुमच्याच इमारतीत. त्या दिवशी तुमच्या गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत वाहत होती, आणि तुम्ही खाली पाइप लावून स्कूटर धूत होता. डोंबिवलीकरांसाठी मंडळाने रस्ता अगदी सरळ ठेवला होता, टाकी वाहते आहे एवढा एक फोन केला की पुरे. तुमचा फोन आला नाही.