खानोलकरांनी गालिचा धुतला

सोसायटीच्या हॉलातले पंखे नीट फिरतात की नाही हे बघायला जयप्रकाश खानोलकरांनी मान वर केली, आणि त्यांच्या हातातलं पन्हं शेवंताबाईंच्या गालिच्यावर सांडलं. थोडंथोडकं नाही. मीनाताईंनी केशर-वेलची घालून, मोठ्या स्टीलच्या पेल्यात काठोकाठ भरून दिलेलं सगळं.

"अहो!" मीनाताई म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांचा अख्खा संसार होता.

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. घणसोलीच्या अमृतकुंभ सोसायटीत पाडव्यापासून रामनवमीपर्यंत रोज संध्याकाळी कीर्तन असतं, आणि ते ह्याच गालिच्यावर होतं. गालिचा सोसायटीचा नाही, गावठाणातल्या शेवंताबाईंचा. सोसायटी उभी आहे ती त्यांच्याच भाताच्या शेतावर. त्यांच्या यजमानांनी न्हावा शेव्याच्या बंदरात मजुरांचं कंत्राट घेतलं होतं, तेव्हा कुठल्याशा मोडीत निघालेल्या बोटीवरचा हा भलाथोरला गालिचा त्यांनी घरी आणला. यजमान गेल्यावर शेवंताबाईंनी तो कीर्तनासाठी दिला. अट एकच. "ह्याच्यावर संतांच्या पायाची धूल हाय. पानी लावाचा नाय."

त्यामुळे गालिच्याचा रंग कोणता, हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी तपकिरी म्हणायचं, कुणी शेवाळी. बसण्यापूर्वी त्याला हात लावून तो हात कपाळाला न्यायचा, एवढं मात्र लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं.

"आता मुंग्या येणार," मीनाताई म्हणाल्या. "उद्या कीर्तनाला ज्ञानेश्वरीताई अनवाणी उभ्या राहणार ह्याच्यावर. अभंग म्हणतील का पाय झाडतील?"

"टेन्शन नको घेऊ," जयप्रकाश म्हणाले. "मी आहे ना."

हे वाक्य त्यांना अलीकडे फार आवडायचं. त्यांच्या लेकीने, श्रुतीने, दिवाळीत एक पावडर मागवून दिली होती. ऑक्सिजनवाली. कोमट पाण्यात टाकली की फसफसते आणि डाग उचलून नेते. जयप्रकाशांनी तिच्यावर आधी आपला बनियन पणाला लावला, मग टेबलावरचं कापड, मग शेजारच्या क्षिप्राच्या बाळाची सगळी दुपटी. हळदीचा डाग गेला, चहाचा गेला, जुना जांभळाचासुद्धा गेला. लिफ्टमध्ये लोक त्यांना थांबवून आपल्या बाह्या दाखवू लागले. डॉक्टरने नाडी बघावी तसे ते बाही हातात घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "रात्रभर भिजवावं लागेल. घाबरू नका. मी केमिकल लाईनमध्ये होतो."

होते, हे खरंच. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते टाईम ऑफिसला होते, कामगारांची हजेरी लिहायला.

"पाणी लावायचं नाही म्हणाल्यात त्या," मीनाताईंनी आठवण करून दिली.

"पन्हं लागलंच आहे. आता थोडं पाणी लागलं तर काय बिघडतं?"

शास्त्राप्रमाणे त्यांनी आधी कडेचा एक धागा उपटून काडीने जाळला. त्याची कडक गोळी झाली. "लोकर नाही, रेशीमही नाही. चालेल पावडर," ते म्हणाले. मग घडीत दडलेल्या एका कोपऱ्यावर थेंब टाकून रंग उतरतो का ते पाहिलं. उतरला नाही. इतकी काळजी तर ऑपरेशन करतानाही कुणी घेत नसेल. मग कोमट पाण्याची बाटली भरली, पावडर टाकली, पन्ह्यावर फवारा मारला आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून ती खिडकीत उन्हात ठेवली. मिश्रण बंद बाटलीत ठेवू नये, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. पण ते इतक्या बारीक अक्षरांत होतं की चष्मा नसलेल्या माणसाला दोष देता येत नाही.

पाऊण तासाने त्यांनी ओल्या फडक्याने ती जागा पुसली आणि स्वतःच मागे सरकले. मळकट गालिच्यात ताटाएवढा हिरवागार गोल उमटला होता, मखमलीसारखा. आणि त्या गोलात एक काळं, तीन पाकळ्यांचं पान.

"अगं बाई, बेलपान!" मीनाताईंनी हात जोडले. "इतकी वर्षं आपण ह्याच्यावर बसत होतो!"

जयप्रकाशांना भरून आलं. पण जरा वेळाने लक्षात आलं, की आता डाग गेलेली जागाच डागासारखी दिसते आहे. सोसायटीचा सेक्रेटरी सुगत खुर्च्या मोजायला आला होता, तो थबकला.

"काका, हे काय सांडलंय?"

"सांडलेलं नाही रे, ते स्वच्छ झालंय!"

"मग बाकीचं?"

"बाकीचं... जसं होतं तसं आहे."

"म्हणजे शेवंताआजींना उद्या पहिली हीच जागा दिसणार."

तेवढ्यात खिडकीत फटाक्यासारखा आवाज झाला. बंद बाटलीत बिचाऱ्या ऑक्सिजनला जायला वाट मिळाली नव्हती, ती त्याने स्वतः करून घेतली. झाकण पंख्यापर्यंत गेलं आणि मिश्रण गालिचाभर शिंपडलं गेलं. लग्नात गुलाबपाणी शिंपडतात तसं, कुणालाही न वगळता. जिथे जिथे थेंब पडला, तिथे तिथे हळूहळू हिरवा ठिपका उगवला. नारदाच्या गादीवर जणू शंकराचं व्याघ्रांबर अंथरलं होतं.

"आता?" सुगत म्हणाला.

"आता सगळाच," जयप्रकाश म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, पण खोटं कशाला बोला, थोडी हौसही होती.

गालिचा गच्चीवर गेला. सोसायटीतली माणसं बादल्या आणि ब्रश घेऊन धावली. देवाचं काम म्हटल्यावर ज्यांचे एकमेकांशी पार्किंगवरून वाद होते, तीसुद्धा शेजारी शेजारी बसून घासू लागली. मधे उभे राहून जयप्रकाश सूचना देत होते. "रगडू नका, भिजू द्या! पावडरीला तिचं काम करू द्या!" गालिच्यातून निघालेलं पाणी ओहोटीच्या खाडीसारखं काळं होतं. आणि खालून एकेक नक्षी वर येत होती. आणखी बेलपानं. मग पिंपळपानं. मग लालभडक पाकळ्या, त्या मीनाताईंनी कमळाच्या ठरवल्या. आणि शेवटी मधोमध एक प्रचंड चक्र.

"सुदर्शन!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी ओल्या हातांनी नमस्कार केला. क्षिप्राने फोटो काढला. जयप्रकाश कमरेवर हात ठेवून उभे होते, विठोबासारखेच म्हणायचे, फक्त पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आपल्या हातून देव प्रकट व्हावा, ह्याहून निवृत्त माणसाला काय हवं?

सुगत मात्र चक्राभोवती फिरत होता.

"काका, सुदर्शनचक्रावर नंबर असतात का?"

"कसले नंबर?"

"हे बघा. शून्यापासून छत्तीसपर्यंत. एक लाल, एक काळा." तो खाली वाकला. "आणि ते बेलपान नाही. किलवर आहे. ते पिंपळपान म्हणजे इस्पिक. कमळाची पाकळी म्हणजे बदाम. आणि हे चक्र रूलेटचं, आकड्यांवर पैसे लावून फिरवतात ते. काका, हा बोटीवरच्या जुगाराच्या खोलीतला गालिचा आहे."

ज्यांनी नमस्कार केला होता त्यांनी हात खाली घेतले. ज्ञानेश्वरीताई आजवर नेमक्या त्या चक्रावर उभ्या राहून नामाचा महिमा सांगत आल्या होत्या.

"पावडर परत उलटी चालत नाही का?" एकाने विचारलं.

घरी आल्यावर जयप्रकाश सोफ्यावर बसून राहिले. मीनाताईंनी चहा दिला, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"ओरडतील शेवंताबाई, दुसरं काय?" ते म्हणाले. "ऐकून घेईन."

"ओरडण्याचं नाही हो," मीनाताई म्हणाल्या. "दरवर्षी पहिल्या दिवशी त्या गालिच्यावर डोकं टेकतात. 'आमच्या मालकांनी आनलेला' म्हणून किती मानाने सांगतात. उद्या भरल्या हॉलात त्यांना आपल्या मालकांचा जुगार दिसणार. ह्या वयात."

आता जयप्रकाशांना खरी भीती वाटली. आपलं नाक कापलं गेलं तर चाललं असतं. हे दुसऱ्याचं होतं.

चैत्राच्या उन्हाने गालिचा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खडखडीत वाळवला. मग एकच उपाय उरला. घराघरांतून पांढऱ्या चादरी आल्या आणि गालिचा काठापासून काठापर्यंत झाकला गेला. सगळ्या चादरी जयप्रकाशांनीच धुतलेल्या होत्या, दुधासारख्या. इतक्या दुःखातही त्यांच्या ते लक्षात आल्याशिवाय राहिलं नाही.

संध्याकाळी शेवंताबाई आल्या. डोक्यात अबोलीचा गजरा, काठी, आणि हाताला धरून त्यांचा मुलगा धर्मराज, गावातला मोठा बिल्डर. पेटी-तबला लागत होता. ज्ञानेश्वरीताई पदर खोचून चिपळ्या हातात घेऊन उभ्या होत्या. हॉल भरला होता, आणि ज्यांनी ज्यांनी गालिचा घासला होता ते सगळे एकाच वेळी जमिनीकडे बघत होते.

"ह्या चादरी कन्च्या?" शेवंताबाईंनी विचारलं.

"शोभेला, मावशी," जयप्रकाश पुढे झाले. "पाडवा आहे ना."

"बरं. मना डोका टेकवाचा हाय. चादरी सारा."

"मावशी, चादरीवरूनच टेका की. पोचतो नमस्कार."

"मालकांनी गालिचा आनला, चादर नाय."

त्यांनी काठीच्या टोकाने चादर उचलली. हिरवागार गालिचा दिव्यांत लखलखला. किलवर, बदाम, इस्पिक, आणि मधे ते चक्र. मीनाताईंनी डोळे मिटून रामाचं नाव घेतलं.

"आये!" धर्मराज ओरडला. "ह्यो तं पत्त्यांचा—"

"गप ऱ्हा," शेवंताबाई म्हणाल्या. "चक्र हाय. देवाचा."

"अगं पन नंबर—"

"नाव काय रं तुझा?"

"धर्मराज."

"मंग जुगारावर तू तं बोलूच नको."

सगळा हॉल हसला. आणि सगळ्यांच्या आधी हसल्या त्या ज्ञानेश्वरीताई. त्यांनी पेटीवाल्याकडे वळून म्हटलं, "सीतास्वयंवर राहू द्या आज. आख्यान बदलते. आणि काका, त्या चादरी काढा बघू सगळ्या."

त्या दिवशीचं कीर्तन ज्यांनी ऐकलं ते अजून सांगतात. पूर्वरंगात ताईंनी मनाचा विषय घेतला, की मळ वरचा असतो, धुतल्यावर आत काय निघेल ते मात्र ज्याचं त्याने बघायचं. मग बुक्का लागला, हार झाले, आणि उत्तररंगाला ताई चक्राच्या मधोमध उभ्या राहिल्या. "ही हस्तिनापूरची सभा!" शकुनी इस्पिकावर बसला. भीष्म-द्रोण चौकटीवर मान खाली घालून. एकेक डाव हरताना ताई एकेक पाऊल मागे सरत होत्या, राज्य गेलं, भाऊ गेले, आणि गालिच्याच्या काठाशी आल्यावर त्यांचा आवाज इतका खाली गेला की पंखे बंद करावे लागले. द्रौपदीने धावा केला तेव्हा ताईंनी जयप्रकाशांची एक चादर उचलली, तिला दुसरी जोडली, तिसरी जोडली, आणि ते पांढरंशुभ्र वस्त्र काही केल्या संपेना. मीनाताई रडल्या. धर्मराज रडला. जयप्रकाशही रडले, पण रडता रडता शेजारच्याला म्हणाले, "एकावर तरी डाग दिसतो का बघा."

आरती झाल्यावर लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. "काका, आख्यानाला साजेसा गालिचा कुठून पैदा केलात?" "खानोलकर, मानलं!" जयप्रकाश नको नको म्हणत होते आणि प्रत्येकाला ते ऐकू येईल अशा बेताने म्हणत होते.

हॉल रिकामा झाला तेव्हा शेवंताबाई खुर्चीवर बसून चहा घेत होत्या. जयप्रकाश त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, मला माफ करा. पन्हं सांडलं, मग मी—"

"बसा, भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यो आनला तवा असाच होता. लखलखीत. मालक आनि त्यांचे दोस्त रोज ह्याच्यावर पत्ते कुटाचे. मालक देवाघरी गेले, मंग मी ह्यो देवाला दिला. म्हटला, बसू दे धूल. झाकून जाईल."

"म्हणजे पाणी लावायचं नाही ते—"

"धूल बसाया वर्षां लागतात, भाऊ. तुमी एका दुपारात काढलीव." त्यांनी गालिच्याकडे पाहिलं. "झकास धुतलाव पन. मालक असते तं खूश जाले असते."

जयप्रकाशांची मान ताठ झाली.

"आज द्रौपदीवर भागला," शेवंताबाई पुढे म्हणाल्या. "नवमीला पाळना बांधाचा हाय. रामाला काय जुगारावर झोपवाचा?"

असं म्हणून त्यांनी कपातला उरलेला चहा शांतपणे गालिच्यावर ओतला. बरोबर शून्याच्या आकड्यावर.

जयप्रकाशांचा हात आपोआप खिशातल्या पावडरीच्या पुडीकडे गेला. चहाचा ताजा डाग, आता टिपला तर अर्ध्या तासात जाईल. मीनाताई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. हात थांबला. क्षणभर विचार करून ते खाली उकिडवे बसले, डोळे मिटले आणि डाग बोटाने चाचपला.

"नुसत्या चहाने नाही भागायचं, मावशी," ते म्हणाले. "ह्यात हळद घाला, चमचाभर तेल घाला, आणि अजिबात पुसू नका. नवमीपर्यंत असा बसेल की माझी पावडरसुद्धा हात टेकेल." मग उठता उठता त्यांनी सदरा सारखा केला. "विश्वास ठेवा. केमिकल लाईनमध्ये होतो मी."