धाकटीचा पोर्ट

थोरल्याने पुन्हा बटण दाबलं आणि संगणकाने पुन्हा तेच तोंडावर फेकलं: 'हा पोर्ट आधीच वापरात आहे.'

कुणाच्या वापरात, ते विचारायची गरज नव्हती. हॉलमधल्या त्या एकाच संगणकावर भावाबहिणीचे दोन गेम सर्व्हर होते. खेळाडूंनी आत यायचा दरवाजा म्हणजे पोर्ट, आणि दोघांनी नंबर एकच घेतलेला. जो आधी सुरू होईल, दरवाजा त्याचा. धाकटी ऑफिसला जाता जाता आपला सर्व्हर सुरू करून जायची आणि दिवसभर तिथे झुंबड असायची. थोरल्याने महिनोन्‌महिने खपून आपल्या गेममध्ये डोंगरावर अख्खं गाव वसवलं होतं, पुलासकट, पाणचक्कीसकट. एरवी कधी त्याचा सर्व्हर चालू झालाच, तरी तिथे काळं कुत्रं फिरकत नव्हतं. धाकटीचं कौतुक ऐकलं की त्याच्या पोटात दुखायचं.

"दादा, एक आकडा तर बदलायचाय," ती कितीदा म्हणाली होती.

"थोरला मी. नंबर मी का बदलू?"

आज मात्र त्याने तिची पाठ वळताच तिचा सर्व्हर बंद केला आणि आपला सुरू केला. पाठोपाठ खेळाडू यायला लागले. पुलावर गर्दी झाली, कुणी पाणचक्कीभोवती फिरू लागलं. थोरल्याचा ऊर भरून आला.

तेवढ्यात चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, "ताई, काय गाव उभं केलंयस. तुझा हात कुणी धरणार नाही."

दरवाजा ताईचा, म्हणजे गावही ताईचंच. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने लिहिलं, "हे मी बांधलंय. मी तिचा दादा."

"असू दे हो दादा. पण तिच्या कामावर स्वतःचं नाव नका लावू."

शेवटी त्याने नाक मुठीत धरून धाकटीला फोन केला. "मी तुझा सर्व्हर बंद केला. चूक झाली. पण गाव माझं आहे, एवढं सांग त्यांना."

आधी ती चिडली, मग हसली, आणि मोबाइलवरून चॅटमध्ये आली. "दादा खरं बोलतोय. गाव त्याचंच आहे. मी त्यात एक वीटही लावलेली नाही."

मग एकाने लिहिलं, "बघा. एवढं काम करून श्रेय भावाला देते. ताई, मन असावं तर तुझ्यासारखं."

खाली सगळ्यांनी हात जोडले.

"दादा, मी अजून काही लिहू का?" धाकटीने फोनवर विचारलं.

"नको. आता तू काहीच करू नकोस," थोरला म्हणाला आणि निमूटपणे पोर्टचा नंबर बदलायला बसला.